कमी खर्चातलं टर्नटेबल, ऐकायचं हेडफोनवर

टर्नटेबल घरी येतं, खोकं उघडतं, आणि मग लक्षात येतं की याला हेडफोन खोचायला जागाच नाही. मागच्या बाजूला लाल-पांढऱ्या आरसीए पिना तेवढ्या आहेत. दुकानदाराचा सल्ला ठरलेला: "स्पीकर घ्या." पण फ्लॅटमध्ये रात्री अकराला, घरातले झोपलेले असताना, भीमसेनजींची तान स्पीकरवर कोण लावणार? हेडफोनवर रेकॉर्ड ऐकणं अवघड नाही, फारसं महागही नाही. मात्र सुईपासून कानापर्यंत आवाज कसा पोचतो हे खरेदीच्या आधी समजून घेतलं तर पैसे योग्य ठिकाणी जातात.

सिग्नल दोनदा वाढवावा लागतो

सुई खाचेतून जाताना थरथरते. तिच्या दांडीच्या मागच्या टोकाला इवलासा चुंबक असतो आणि शेजारी तारेची वेटोळी. त्यातून जी वीज निर्माण होते ती असते ३ ते ५ मिलिव्होल्ट. सुई, चुंबक आणि वेटोळी असलेल्या या छोट्या डबीला कार्ट्रिज म्हणतात, आणि या प्रकाराला मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज. स्वस्तातल्या चांगल्या टर्नटेबलांत बहुतेक हेच असतं.

पहिली वाढ करतो फोनो प्रीॲम्प. तो सिग्नल साधारण शंभरपट, म्हणजे ४० डेसिबल वाढवतो. शिवाय आणखी एक काम करतो. रेकॉर्ड कोरताना खर्जाचा भाग मुद्दाम दाबतात आणि वरच्या पट्टीतला वाढवतात. खर्ज जसाच्या तसा कोरला तर खाच इतकी नागमोडी होईल की शेजारच्या खाचेत घुसेल. किती दाबायचं आणि किती वाढवायचं याचं आरआयएए नावाचं प्रमाण १९५४ मध्ये ठरलं. प्रीॲम्प त्याच प्रमाणात उलटी क्रिया करून आवाज मूळपदावर आणतो. म्हणून प्रीॲम्पऐवजी नुसता व्हॉल्यूम वाढवून भागत नाही. खर्ज गायबच राहतो.

दुसरी वाढ हेडफोन ॲम्पची. प्रीॲम्पमधून निघणाऱ्या लाइन सिग्नलला व्होल्टेज पुरेसं असतं, पण तो दहा हजार ओहम किंवा त्याहून जास्त रोध असलेल्या यंत्रासाठी बनवलेला असतो. ३२ ओहमचा हेडफोन त्याच्याकडे जो करंट मागतो तो त्याला देता येत नाही. आरसीएला हेडफोनची पिन जोडणारा कनेक्टर बाजारात मिळतो आणि तो लावून पाहायचा मोह सगळ्यांनाच होतो. बारीक, पोकळ आवाज येतो, आणि व्हॉल्यूमचं बटण कुठेच नसतं.

टर्नटेबल, फोनो प्रीॲम्प, हेडफोन ॲम्प, हेडफोन. साखळी एवढीच. काही यंत्रांत दोन कड्या एकाच डब्यात असतात, इतकाच फरक.

काय घ्यावं

अगदी सुरुवात असेल तर ऑडिओ-टेक्निकाचं एटी-एलपी६०एक्स. बटण दाबलं की सुई धरणारा हात (टोनआर्म) स्वतः उठतो, रेकॉर्डवर उतरतो, बाजू संपली की परत येतो. प्रीॲम्प आतच आहे. सुईचं वजन कारखान्यात ठरवलेलं असल्यामुळे तोलण्याची कटकट नाही, आणि म्हणूनच पुढे सुधारणा करायलाही फार वाव नाही. सोनीचं पीएस-एलएक्स३१०बीटी याच जातीचं, शिवाय त्यात ब्लूटूथ आहे.

बजेट थोडं ताणता आलं तर एटी-एलपी१२०एक्सयूएसबी. यात हात स्वतः तोलता येतो, कार्ट्रिज बदलता येतं, मिनिटाला ३३ आणि ४५ फेऱ्यांसोबत ७८ ची गतीही आहे. छंद टिकेल अशी खात्री असेल तर मी थेट हेच घ्यायला सांगेन.

सुटकेससारखं दिसणारं, आतच स्पीकर असलेलं गोजिरवाणं प्लेअर घेऊ नका. त्यातल्या बऱ्याच मॉडेलांत सिरॅमिक कार्ट्रिज असतं आणि ते खाचेवर ५-६ ग्रॅम दाब टाकतं. चांगल्या कार्ट्रिजला २ ते ३ ग्रॅम पुरतात. माळ्यावर आजोबांचं एचएमव्ही फिएस्टा रेकॉर्ड प्लेअर सापडलं असेल तर ते जपून ठेवा, पण नवी एलपी त्यावर लावू नका.

अमेरिकेतल्या मावशीकडून यंत्र मागवणार असाल तर ॲडॉप्टरवर १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ लिहिलंय ना ते आधी विचारून घ्या. आधुनिक यंत्रांना सहसा अडचण येत नाही. जुन्या यंत्रांतली मोटर मात्र विजेच्या फ्रिक्वेन्सीवर फिरते. ६० हर्ट्झसाठी बनवलेली मोटर आपल्या ५० हर्ट्झवर चालवली की ३३ च्या जागी जेमतेम २८ फेरे होतात, ट्रान्सफॉर्मर लावला तरीही.

हेडफोनपर्यंत पोचायचे मार्ग तीन-चार आहेत. सगळ्यात स्वस्त घरातच असू शकतो: जुना स्टिरिओ ॲम्प्लिफायर. सोनोडाइन, कॉस्मिक, फिलिप्स यांचे कित्येक ॲम्प अजून कपाटांत पडून आहेत. त्याला 'फोनो' लिहिलेली इनपुट आणि पुढे हेडफोनचं भोक असेल तर दोन्ही कड्या मिळाल्या. व्हॉल्यूम फिरवताना खरखर आली तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून बटण वीसेकदा फिरवा.

तो नसेल तर आतच प्रीॲम्प असलेलं टर्नटेबल आणि एक छोटा हेडफोन ॲम्प. घेताना दोन गोष्टी पाहा: त्याला आरसीए किंवा ऑक्स इनपुट आहे का, आणि व्हॉल्यूमचं फिरतं बटण आहे का. फक्त यूएसबीवर चालणारे, फोनला लावायचे डॅक (डिजिटल सिग्नलचा आवाज करणारे छोटे डबे) इथे निरुपयोगी आहेत.

यूएसबीवालं टर्नटेबल असेल तर ते लॅपटॉपला जोडा, ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये येणारा आवाज ऐकण्याची सोय चालू करा आणि हेडफोन लॅपटॉपला लावा. वेगळा ॲम्प घेईपर्यंत हे फुकटात भागतं. ब्लूटूथला मी नाक मुरडणार नाही, पण आवाज डिजिटल होऊन, दाबून येतो, आणि रेकॉर्डची जी गंमत आहे ती थोडी त्यातच हरवते.

हेडफोन ३२ ते ८० ओहमचे घ्या. २५० किंवा ३०० ओहमचे स्टुडिओ हेडफोन छानच असतात, पण त्यांना दमदार ॲम्प लागतो. बंद कपाचे घ्यावेत हे माझं मत. सुई खाचेत फिरताना स्वतःही बारीक गात असते, आणि उघड्या पाठीच्या हेडफोनमधून ते ऐकू येतं.

जागा आणि मांडणी

हेडफोनचा इथे एक फायदा आहे. स्पीकरची थरथर सुईपर्यंत जाऊन घुमण्याचा प्रश्नच उरत नाही. तरी टेबल डुगडुगतं नको. लाकडी फडताळ, भिंतीतला कडप्पा, ग्रॅनाइटचा ओटा यांपैकी काहीही चालेल. जमिनीवर पाय आपटला की सुई उडते का ते पाहून जागा ठरवा.

टर्नटेबल सपाट हवं. सुताराची पाणसळ (स्पिरिट लेव्हल) प्लॅटरवर, म्हणजे रेकॉर्ड ठेवायच्या फिरत्या तबकावर ठेवा, एकदा आडवी, एकदा उभी. पायांचे स्क्रू फिरत नसतील तर एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी चालते.

बेल्टवाल्या यंत्रात बेल्ट मोटरच्या पुलीवर तुम्हीच चढवायचा असतो. एलपी६०एक्समध्ये प्लॅटरला खिडकीसारखी भोकं आहेत. त्यातून लाल रिबिनीने बेल्ट ओढून पितळी पुलीवर बसवायचा आणि रिबीन काढून टाकायची. बेल्टला पीळ पडू देऊ नका, तेलकट हात लावू नका. बसवल्यावर प्लॅटर हाताने पाच-दहा फेरे फिरवा.

हात तोलणं

एलपी६०एक्सवाल्यांनी हा भाग सोडून पुढे जावं. बाकीच्यांनी मात्र इथे घाई करू नये. दाब कमी पडला तर सुई खाचेत उड्या मारते आणि खाच ओरबाडते. जास्त दाबापेक्षा कमी दाब रेकॉर्डला अधिक घातक ठरू शकतो, ही गोष्ट नवख्यांना उलटी वाटते.

१. अँटी-स्केटचं बटण शून्यावर ठेवा. सुईचं प्लॅस्टिकचं झाकण काढा. प्लॅटर बंद असू द्या.

२. हाताचा आधार सोडा, क्यू लिव्हर (हात वर-खाली करणारी दांडी) खाली करा आणि हात प्लॅटरच्या बाहेरच बोटांनी धरून ठेवा. सुई कशालाही लागता कामा नये.

३. मागचं वजन पुढे-मागे फिरवत हात तराजूच्या दांडीसारखा आडवा तरंगेल असं करा.

४. हात आधारावर ठेवून अडकवा. वजन न हलवता फक्त त्यावरची आकड्यांची चकती फिरवून शून्य वरच्या रेषेवर आणा.

५. आता वजन आणि चकती दोन्ही मिळून फिरवा. एलपी१२०एक्सच्या एटी-व्हीएम९५ई कार्ट्रिजला २.० ग्रॅम. दुसरं असेल तर त्याच्या कागदावरचा आकडा.

६. अँटी-स्केट तेवढ्याच आकड्यावर आणा. फिरती रेकॉर्ड हाताला मध्याकडे ओढत असते, ती ओढ यामुळे भरून निघते.

चकतीवरचा आकडा थोडा इकडेतिकडे असू शकतो. सुईचं वजन मोजणारा छोटा डिजिटल काटा ऑनलाइन मिळतो, तो घेऊन ठेवा.

तारा आणि मागचं बटण

मागे 'फोनो' आणि 'लाइन' असं सरकतं बटण असतं. आतला प्रीॲम्प वापरायचा तर लाइन. बाहेरचा प्रीॲम्प किंवा ॲम्पची फोनो इनपुट वापरायची तर फोनो. लाल उजवा, पांढरा डावा. टर्नटेबलला जमिनीची (अर्थिंगची) बारीक तार किंवा स्क्रू असेल तर ती प्रीॲम्पच्या स्क्रूला जोडा.

ॲम्प आणि ॲडॉप्टर कार्ट्रिजपासून लांब ठेवा. हाताच्या बाजूला ट्रान्सफॉर्मर आला की घूं सुरू झालीच म्हणून समजा.

पहिली रेकॉर्ड

व्हॉल्यूम शून्यावर. हा नियम हेडफोनवाल्यांनी कधीही मोडू नये, कारण सुई टेकतानाचा दणका थेट कानात बसतो. प्लॅटर सुरू करा, लिव्हर वर, हात कडेच्या कोऱ्या पट्टीवर, लिव्हर खाली, आणि मग हळूहळू आवाज वाढवा. सुई उचलायच्या आधीही आवाज खाली.

गती एकदा तपासा. लेबलच्या कडेला कागदाची खूण ठेवा आणि फेरे मोजा. ३३ १/३ गतीला बरोबर ३ मिनिटांत १०० फेरे व्हायला हवेत. मोजताना सुई रेकॉर्डवर असू द्या. ज्यांना पेटी घेऊन सोबत गायचंय त्यांना हे महत्त्वाचं आहे: गती ६ टक्क्यांनी वाढली की सूर एक पट्टी चढतो, काळी एकचा गवय्या पांढरी दोनमध्ये गातो. बऱ्याच यंत्रांना गती जुळवायला एखादा स्क्रू किंवा सरकपट्टी असते.

आवाजावरून दोष ओळखणं

हेडफोन काहीच लपवत नाही. स्पीकरवर पंख्याच्या आणि रहदारीच्या आवाजात बुडून जाणारी प्रत्येक खरखर इथे ऐकू येते, म्हणून नवखा माणूस यंत्रालाच दोष देतो. त्याआधी नीट ऐका.

आवाज बारीक आणि खर्ज नसलेला: प्रीॲम्प साखळीत नाही, मागचं बटण पाहा. आवाज फार मोठा आणि फाटका: दोन प्रीॲम्प एकामागोमाग लागलेत, म्हणजे आतला चालू असताना तार फोनो इनपुटमध्ये गेली आहे.

सतत घूं: जमिनीची तार सैल आहे, किंवा जवळ ॲडॉप्टर आहे. तार हाताने दाबल्यावर आवाज बदलला तर दोष तिथेच.

एका कानात शांतता असेल तर ॲम्पकडच्या लाल-पांढऱ्या पिना अदलाबदल करा. शांतता दुसऱ्या कानात गेली तर दोष टर्नटेबल किंवा तारेत. त्याच कानात राहिली तर ॲम्प किंवा हेडफोनमध्ये. टर्नटेबलकडे बोट गेलं तर कार्ट्रिजमागच्या चार रंगीत तारा पाहा: लाल-हिरवी उजव्याच्या, पांढरी-निळी डाव्याच्या. त्यातली एखादी निसटलेली असते.

दर १.८ सेकंदांनी ठरावीक टिक: रेकॉर्डवर ओरखडा आहे, एका फेऱ्याला तेवढाच वेळ लागतो. टिक अनियमित असेल तर धूळ किंवा स्थिर वीज.

तंबोरा किंवा पेटीचा लांब सूर डुलतो: बेल्ट सैल किंवा वाकडा, नाहीतर रेकॉर्डचं मधलं भोकच जरा बाजूला पडलंय. फिरत्या रेकॉर्डवर सुईचा हात लयीत डावी-उजवीकडे हलताना दिसला तर हे दुसरं कारण. त्याला फारसा इलाज नाही. दुसऱ्या प्रकारच्या संगीतात हे कदाचित लक्षातही येणार नाही, आपल्याकडे तंबोरा चुगली करतो.

'स' आणि 'श' चिरकतात: आधी सुई आणि रेकॉर्ड साफ करा, मग दाब तपासा. बाजूच्या शेवटी शेवटीच होत असेल तर ते खाचेच्या भूमितीमुळे. बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटीमीटर सरकते, लेबलपाशी जेमतेम २०. तेवढ्याच आवाजाला तिथे निम्म्याहून कमी जागा मिळते. ख्यालाच्या एलपीवर विलंबित ऐसपैस जागेत येतो आणि द्रुतातल्या ताना नेमक्या दाटीत, ही शास्त्रीय संगीतावर जरा अन्यायाचीच गोष्ट. व्हीएम९५ कार्ट्रिजला मायक्रोलाइन नावाची, जास्त बारीक टोकाची सुई बसते. ती महाग आहे, पण हा त्रास बराच कमी करते.

मोनो रेकॉर्ड्स आणि ७८ च्या तबकड्या

आपल्याकडच्या जुन्या रेकॉर्ड्समध्ये मोनो पुष्कळ. एचएमव्हीच्या शास्त्रीय एलपींवर क्रमांकाआधी 'ईएएलपी' असेल तर मोनो, 'ईएएसडी' असेल तर स्टिरिओ. मोनो रेकॉर्ड स्टिरिओ कार्ट्रिजने वाजवली की गाणं डोक्याच्या मध्यभागी येतं आणि खरखर मात्र दोन्ही कानांत वेगवेगळी, सगळीकडे पसरलेली. कारण मोनो खाचेत गाणं फक्त आडव्या हालचालीत असतं, तर धूळ-ओरखडे सुईला वर-खालीही उडवतात. ॲम्पवर 'मोनो' बटण असेल तर ते दाबा, वर-खालच्या हालचालीचा आवाज रद्द होतो आणि खरखर लक्षणीय उतरते. हेडफोनवर हा फरक स्पीकरपेक्षा कितीतरी जास्त जाणवतो. जुना ॲम्प घेताना मी हे बटण आवर्जून शोधायला सांगतो.

बालगंधर्वांच्या नाट्यपदांच्या मूळ रेकॉर्ड्स लाखेच्या, ७८ गतीच्या आहेत. त्यांची खाच एलपीपेक्षा कितीतरी रुंद असते. एलपीची सुई तिच्या तळाशी लोळते, नुसती खरखर ऐकवते आणि स्वतः खराब होते. एलपी१२०एक्स असेल तर व्हीएम९५ ला बसणारी ७८ ची वेगळी सुई मिळते, ओढून काढायची आणि दुसरी सरकवायची. एलपी६०एक्सवर ७८ ची गतीच नाही.

सफाई आणि पावसाळा

वाजवण्याआधी कार्बन फायबरचा ब्रश फिरत्या रेकॉर्डवर दोन फेरे टेकवा आणि हलकेच बाहेर ओढा. सुई मागून पुढे, म्हणजे कार्ट्रिजच्या मागच्या बाजूकडून तोंडाकडे, छोट्या मऊ ब्रशने झाडा. आडवी कधीही नाही.

पुण्याच्या जुन्या बाजारातून किंवा मुंबईच्या चोर बाजारातून आणलेली रेकॉर्ड वाजवण्याआधी धुवायलाच हवी. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांड्याच्या साबणाचा एकच थेंब, मायक्रोफायबरचं कापड, खाचेच्या दिशेने गोल. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा. लेबलवर पाणी जाऊ देऊ नका. सॅनिटायझर किंवा स्पिरिट लाखेच्या रेकॉर्डवर तर चुकूनही नको, लाख त्यात विरघळते.

पावसाळ्यात कोकणात, मुंबईत, गोव्यात रेकॉर्डवर पांढरे ठिपके धरतात. ती बुरशी. धुतल्याने बहुतेक वेळा जाते. रेकॉर्ड्स उभ्या ठेवा, बाहेरच्या ओल्या भिंतीला टेकवू नका, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. आतलं कागदी पाकीट दमट झालं असेल तर बदलून टाका. मराठवाड्यातल्या, विदर्भातल्या कोरड्या हिवाळ्यात उलटा त्रास असतो, स्थिर विजेचा. रेकॉर्ड पाकिटातून ओढताना चटचट आवाज आला तर कापड किंचित ओलसर करून पुसा.

सुई हा झिजणारा भाग आहे हे बहुतेक जण विसरतात. व्हीएम९५ई ची सुई कंपनीच्या म्हणण्यानुसार ३०० तास चालते, म्हणजे रोज एक तास ऐकलंत तर दहा महिने. सुई बसवल्याची तारीख टर्नटेबलच्या खाली चिकटवून ठेवा, आणि नवी सुई बसवली की वजन काट्यावर पुन्हा एकदा पाहा.